काउबॉय शूटिंगसाठी पहिलं रिव्हॉल्व्हर: .४५ घेऊ की .३८?

नंदगडची लेक

नमस्कार मंडळी. मी मूळची नंदगडची, खानापूर तालुका. लग्नानंतर ॲरिझोनात, फीनिक्सजवळ राहते. ग्रीन कार्ड आहे. सध्या माहेरी आलेय, आणि परत गेल्यावर एक गोष्ट करायचीच असं मनाशी पक्कं केलंय. त्याबद्दल विचारायचंय.

आमच्या तिकडे बेन एव्हरी नावाची खूप मोठी शूटिंग रेंज आहे. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या बाईंनी मला तिथे काउबॉय मॅच, म्हणजे जुन्या काळच्या वेशात, जुन्या पद्धतीच्या हत्यारांची स्पर्धा, बघायला नेलं. लाकडी फळ्यांचे सलूनचे, बँकेचे देखावे, लांब घागऱ्यातल्या बायका, टोपीवाले पुरुष. मला वाटलं होतं नुसती हौस असेल. पण टायमरचा बीप वाजला आणि माझ्या आईच्या वयाच्या त्या बाईंनी एका रिव्हॉल्व्हरने पाच, दुसऱ्याने पाच, अशा दहा पोलादी पाट्या वाजवल्या, तेव्हा मी बघतच राहिले. मग रायफल, मग दुनळी. आणि गोळी भरायचं टेबल वेगळं, रिकामं करायचं टेबल वेगळं, प्रत्येकाचं हत्यार दुसरा माणूस तपासणार. ही शिस्त मला फार आवडली.

कॉलेजात बेळगावला एनसीसीत असताना .२२ रायफल चालवलीय. नेम बरा होता. रिव्हॉल्व्हर मात्र कधी चालवलेलं नाही.

तिकडच्या एका दुकानात गेले, तर दुकानदाराने ७½ इंची नळीचं, निकेलचं चकचकीत .४५ कोल्ट पुढे ठेवलं (हा आकडा म्हणजे बोअरचं, गोळीच्या जाडीचं माप). १८७३ च्या कोल्टची इटालियन नक्कल. म्हणाला, अस्सल हवं असेल तर हेच, .३८ म्हणजे पोरांचं काम. शेजारीण म्हणते त्याचं ऐकू नकोस, रुगर या अमेरिकी कंपनीचं घे. माझा हात लहान आहे, बांगडीचं मापही लहान लागतं. ते .४५ उचललं तर नळी खाली ओढत होती.

तर .४५ की .३८? रुगर की इटालियन? नळी किती? आणि आधी एक घेऊन शिकावं की एकदम दोन घ्यावीत? पैसे जपून खर्च करायचेत, पण दोन वर्षांनी पुन्हा बदलायला लागेल असं काही नको.

टिळकवाडी २ रे गेट

ताई, प्रश्न छान आहे, पण आधी कायद्याचं बघा. ग्रीन कार्ड आहे म्हणता तर ठीक. माझा भाचा डॅलसला एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे, तोही अशा रेंजवर जाऊन शिकायचं म्हणतोय. त्याला चालेल का? कुणाला नक्की ठाऊक असेल तर सांगा.

उद्यमबाग टूलरूम

गेटवाले भाऊ, भाच्याला थांबवा. तिकडच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. रेंजवर दुसऱ्याचं हत्यार तासभर हातात घेणं हेसुद्धा बाळगणंच धरलं जाऊ शकतं. आधी वकिलाला विचारावं, मगच रेंजची पायरी चढावी. व्हिसा गेला तर शूटिंग राहील बाजूला.

आता ताईंचं. मी तिकडे नोकरीला असताना बरीच वर्षं या मॅच खेळलो. माझा पेशा मशीनचा, त्यामुळे क्लबातल्या मित्रांची रिव्हॉल्व्हरं माझ्या बाकावर यायची. त्या अनुभवावरून सांगतो.

उत्तर आधी देतो. .३५७ मॅग्नमचं चेंबर, म्हणजे सिलिंडरमधलं गोळी बसायचं घर, असलेली, ४⅝ किंवा ५½ इंची नळीची, अगदी एकसारखी दोन रिव्हॉल्व्हरं घ्या आणि त्यात .३८ स्पेशलच चालवा. .३५७ मध्ये .३८ बिनधास्त चालतं, उलटं चालत नाही. रुगरचं न्यू वाकेरो हातात बसलं तर तेच घ्या.

.३८ म्हणजे पोरांचं काम, हे त्या दुकानदाराचं बोलणं साफ चुकीचं आहे, आणि नव्या माणसाला असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. हा खेळ ज्या संघटनेच्या नियमांनी चालतो ती सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, स्थापना १९८७. तिचे नियम बघा. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला १००० फुटांच्या वर जाता कामा नये. गोळी शिशाचीच, तांब्याच्या वेष्टणाची नाही. आणि कमीत कमी जोर किती, तर गोळीचं वजन ग्रेनमध्ये (वजनाचं एक छोटं माप) गुणिले वेग भागिले हजार, हा आकडा ६० च्या खाली नको. आता १२५ ग्रेनची .३८ ची गोळी ७५० च्या वेगाने सोडली तर ९३.७५ येतात. नियमाच्या कितीतरी वर. तेच .४५ मध्ये २५० ग्रेन त्याच वेगाने सोडली तर १८७.५. म्हणजे दुप्पट धक्का आणि गुण तेवढेच. पाटी ७ ते १० यार्डांवर असते आणि ती फक्त वाजली पाहिजे. चुकली तर ५ सेकंद दंड, मग बोअर कोणता का असेना.

.४५ चं आणखी एक दुखणं आहे, ते दुकानात कोण सांगत नाही. ते टरफल १८७३ साली काळ्या दारूसाठी केलेलं, तब्बल ४० ग्रेन दारू मावावी म्हणून. आजची बिनधुराची दारू त्यात टाकली तर तळाला चिमूटभर पडते. नळी वर असताना ती मागे सरकते, खाली असताना पुढे, आणि प्रत्येक गोळीचा वेग थोडा वेगळा येतो. त्यात दाब कमी असला की टरफल फुगून चेंबरला घट्ट चिकटत नाही, मग धूर आणि काजळी मागे येते. दिवस संपला की बोटं, टरफलं, रायफलची आतली यंत्रणा, सगळं काळं. .३८ चं टरफल लहान, त्याला हा त्रास फार कमी. हलका धक्का हवा म्हणून .४५ मध्ये दारू कमी करत गेलात तर त्रास वाढत जातो. म्हणून म्हणतो, हलकंच चालवायचं असेल तर हलक्यासाठी केलेलंच काडतूस घ्या.

आणि अस्सलपणाचं म्हणाल, तर त्या काळात विंचेस्टरची १८७३ ची रायफल .४५ कोल्टमध्ये मिळतच नव्हती, .४४-४० मध्ये होती. आज .३५७ च्या नकला सर्रास मिळतात. रायफल आणि दोन्ही रिव्हॉल्व्हरं एकाच काडतुसावर चालली की मॅचच्या सकाळी डोकं शांत राहतं. एकाच डब्यातून सगळं. एक काळजी घ्या, .३५७ च्या चेंबरमध्ये .३८ सतत चालवली की टरफल जिथे संपतं तिथे काजळी आणि शिशाचं कडं बसतं. ब्रश घालून ते काढत राहायचं.

आता रुगर की इटालियन, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण फरक आतल्या यंत्रणेत आहे.

कोल्टच्या जुन्या रचनेत, म्हणजे उबर्टी, पिएटा वगैरे इटालियन नकलांत, गोळी भरताना हॅमर, म्हणजे मागचा घोडा, अर्धा मागे ओढून ठेवावा लागतो. मग उजव्या बाजूचं छोटं दार उघडायचं, सिलिंडर फिरवत एक गोळी भरायची, एक घर सोडायचं, मग चार भरायच्या. दार लावून हॅमर पूर्ण मागे घ्यायचा आणि अंगठ्याने धरून अलगद खाली सोडायचा. बरोबर रिकाम्या घरावर बसतो. या रचनेत काडतुसावर ठोका मारणारी पिन हॅमरलाच असते. खाली भरलेलं घर असेल आणि रिव्हॉल्व्हर हातातून निसटून हॅमरवर आदळलं, तर गोळी सुटते. सहा घरांत पाचच गोळ्या भरायचा रिवाज यातूनच आला. उबर्टीच्या नव्या कॅटलमन टूमध्ये पिन मागे सरकते, ती सोय चांगली आहे.

रुगरमध्ये हॅमर आणि पिन यांच्यामध्ये ट्रान्सफर बार म्हणून एक पट्टी असते. ट्रिगर ओढून धरला असेल तरच ती वर येते आणि हॅमरचा ठोका पिनपर्यंत पोचवते. ट्रिगर सोडला की पट्टी खाली, ठोका पोचतच नाही. भरायला हॅमरला हातही लावायचा नाही, दार उघडलं की सिलिंडर मोकळा फिरतो, आणि न्यू वाकेरोत टिक् असा आवाज आला की प्रत्येक घर दारासमोर बरोबर येतं. तरीही मॅचमध्ये पाचच भरायच्या आणि हॅमर रिकाम्या घरावरच, नियम सगळ्यांना एकच.

माझ्या बाकावर काय यायचं? कोल्ट पद्धतीची बहुतेक रिव्हॉल्व्हरं एकाच कारणासाठी यायची. ट्रिगर आणि बोल्ट (सिलिंडर जागेवर अडवणारा खटका) यांना दाबणारी एक दुपाखी पातीची स्प्रिंग असते, तिचं एक पातं मुळाशी तुटायचं. हजारो वेळा वाकून थकलेलं पोलाद. तुटलेला कडा भिंगाखाली धरला की थकव्याची रेघ दिसते, आमच्या डाय-कामात पंचला येते तशीच. रुगरमध्ये पातीऐवजी गुंडाळलेल्या तारेच्या स्प्रिंगा आहेत. तार अख्ख्या लांबीत थोडा थोडा ताण घेते, एका जागी नाही. त्या सहसा तुटत नाहीत. नव्या माणसाने पहिल्या वर्षी स्प्रिंगांच्या मागे धावू नये, पाट्यांकडे बघावं, म्हणून मी रुगर सांगतो.

इटालियन वाईट असं मुळीच नाही. नीट जुळवलेल्या उबर्टीचा हॅमर इतका मऊ चालतो की मागे घेताना बोटालाच आनंद होतो, आणि किंमतही सहसा रुगरपेक्षा कमी. खऱ्या कोल्टच्या नादी आत्ता लागू नका, पैसे दुपटीच्या आसपास जातात.

नळी ७½ इंची अजिबात नको. होल्स्टरमधून निघायला वेळ, पुढे वजन, आणि एवढ्या जवळच्या पाटीवर फायदा शून्य. न्यू वाकेरो ४⅝ इंचीत साधारण १.१ किलो भरतं, तेच लहान हाताला सुरुवातीला जड वाटतं.

वापरलेलं घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. १९९३ चं जुनं वाकेरो अंगाने मोठं आहे. २००५ पासूनचं न्यू वाकेरो कोल्टच्या मापाचं. जाहिरातीत नुसतं वाकेरो लिहिलेलं असतं. लहान हाताला नवंच.

आणि पैसे मोजायच्या आधी निदान एक मॅच उसन्या हत्यारांनी खेळा. काउबॉयवाल्यांइतकी मोकळ्या हाताने हत्यारं देणारी माणसं मी दुसऱ्या कुठल्या खेळात बघितली नाहीत. काडतुसांचे पैसे मात्र आपण द्यावेत.

सुभेदार कॅम्प

पोरी, मी मराठा लाइट इन्फंट्रीतला. १७६८ पासूनची पलटण, आणि सेंटर आपल्या बेळगावात. जवानांना हत्यार शिकवण्यात माझी नोकरी गेली. काउबॉय खेळ मला ठाऊक नाही, पण हात आणि हत्यार यांचं नातं सगळीकडे तेच. उद्यमबागवाल्यांनी यंत्र सांगितलं, मी हात सांगतो.

दुकानात रिव्हॉल्व्हर हातात आलं की पहिलं काम, रिकामं आहे का बघायचं. दुकानदाराने बघितलं असलं तरी तू बघायचं. मग तोंड भिंतीकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर. मूठ धर. धरलेली मूठ जरासुद्धा न हलवता अंगठा हॅमरवर पोचतो का? ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर बसतं का, की टोकच कसंबसं लागतंय? मूठ फिरवून पोचावं लागत असेल तर ते हत्यार तुझं नाही, मग कितीही सुंदर असो. दोन्ही हातांनी धरणार असशील तर डाव्या अंगठ्याने हॅमर ओढून बघ. या जुन्या घडणीच्या मुठीवर करंगळीला जागा पुरत नाही, ती खाली दुमडली तरी चालते.

पुढची परीक्षा. समोर एक खूण ठरव, डोळे मीट, हात उचलून त्या दिशेला धर, मग डोळे उघड. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, मागच्या खाचेत आपोआप दिसली पाहिजे. दर वेळी ती डावीकडे किंवा वर निघून जात असेल तर मुठीची घडण तुझ्या मनगटाला जुळत नाही. चार-पाच वेगवेगळी रिव्हॉल्व्हरं अशी धरून बघ, फरक तुझा तुलाच कळेल.

माहेरी आहेस तेवढ्यात सराव करायचा असेल तर १० मीटर एअर पिस्तूल शीक. एका हाताने धरायचं असतं, आणि दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं. रोज थोडा वेळ नुसता हात धरून उभी राहिलीस तरी खांदा तयार होईल. नजर कायम माशीवर, ठिपका धूसर दिसला तरी चालेल. तिकडे पाट्या मोठ्या आणि जवळ असतील, तेव्हा हीच नजर कामी येईल. वेगाच्या मागे आधी लागू नकोस. जवानालाही आम्ही आधी संथ, नीट, मग जलद असंच शिकवतो.

निपाणीकर

हे सगळं वाचून आमचेही हात शिवशिवायला लागले. आपल्याकडे बेळगाव-कोल्हापूर भागात असा खेळ सुरू करता येणार नाही का? नाहीतर ताई, जुनी झालेली जोडी येताना घेऊन या की!

उद्यमबाग टूलरूम

निपाणीकर, हौस समजते मला, पण घेऊन या वगैरे लिहू नका, कुणीतरी खरंच मनावर घ्यायचं. इथे रिव्हॉल्व्हर म्हणजे १९५९ चा शस्त्र कायदा, परवाना, पोलीस पडताळणी. हौशी खेळासाठी जोडीने रिव्हॉल्व्हर मिळायची वाट इथे नाही. आपल्याकडे खेळायचं तर एअर पिस्तूल, .२२ चं स्पोर्ट पिस्तूल, ही ऑलिम्पिकच्या वाटेवरची शूटिंग आहे, तीही मोठी गोष्ट आहे.

ताईंसाठी आणि तिकडे राहणाऱ्या सगळ्यांसाठी मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. रेंजवर नेता ती बॅग कधीही, कधीही भारतात येताना वापरू नका. खिशाच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूस विमानतळाच्या स्कॅनरमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात. मुद्दाम आणलं नव्हतं हे कोर्टात सिद्ध होतंही, पण तोवर पासपोर्ट, परतीचं तिकीट, सुट्टी, सगळं अडकतं. भरलेलं सोडा, रिकामं टरफलसुद्धा नको. रेंजची बॅग वेगळी, गाडीच्या डिकीतून घरातल्या कुलपाच्या कपाटात, बस्स.

नंदगडची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सुभेदार काका, तुमचं अंगठ्याचं वाचल्यावर आठवलं, त्या ७½ इंचीला अंगठा पोचवायला मला मूठ फिरवावी लागत होती. शेजारणीच्या रुगरला नव्हती लागली. बेळगावात एअर पिस्तूल शिकायची चौकशी आजच केली, सोमवारपासून जाणार आहे.

अजून तीन गोष्टी विचारते. दोन एकदम घेतल्या तर कागदपत्रांचा त्रास होतो का? स्प्रिंगा हलक्या करून घ्याव्यात असं तिकडे सगळे सांगतात, ते लगेच करू का? आणि पट्टा-होल्स्टर अथणीला करून घेतले तर? आमच्या घरी चपला तिथल्याच कारागिरांच्या येतात, त्यांच्यासारखं कातडं तिकडे बघितलं नाही.

शिवाय एक आनंदाची गोष्ट. या खेळात प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागतं, आणि एकाचं दुसऱ्याला मिळत नाही. मी कित्तूर राणी मागणार आहे. १८२४ साली इंग्रजांच्या सैन्यासमोर उभी राहिलेली राणी चन्नम्मा आमच्याच जिल्ह्यातली, आणि तिच्या शूर संगोळ्ळी रायण्णांना फाशी दिली ती जागा आमच्या नंदगडात. तिकडे कुणी अर्थ विचारला की अख्खी गोष्ट सांगेन.

उद्यमबाग टूलरूम

हे नाव घ्याच. अंगावर काटा आला वाचून.

कागदपत्रांचं फार नाही. परवानाधारक दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासणी होते. त्याच दुकानातून कामकाजाच्या पाच दिवसांत दोन किंवा जास्त हँडगन घेतल्या तर दुकानदाराला सरकारकडे वेगळा रिपोर्ट पाठवावा लागतो. तो त्याचा भाग, तुम्ही घाबरायचं कारण नाही. प्रत्येक स्टेजला, म्हणजे मॅचमधल्या प्रत्येक फेरीला, साधारण दहा गोळ्या रिव्हॉल्व्हरच्या म्हणजे दोन लागणारच. एक ४⅝ आणि एक ५½ असं मात्र करू नका. हाताला सवय एकाच वजनाची लागते. रुगर काही जोड्या क्रमाने आलेल्या नंबरांच्या काढतं, हॅमरचा शेपटा खाली घेतलेला, लहान अंगठ्याला तो फार सोयीचा. मिळाली तर बघा.

स्प्रिंगांना पहिला हंगाम हात लावू नका. हॅमरची स्प्रिंग हलकी केली की ओढायला सोपं, पण ठोका कमजोर होतो. प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाची पेट घेणारी टोपी, जरा कडक निघाला की नुसता टक् आवाज, गोळी नाही. आणि घाईत तो आवाज ऐकला की नवा माणूस बिथरतो. आधी घरी भरपूर रिकामा सराव करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. रुगरच्या या रिव्हॉल्व्हरला रिकामा ठोका चालतो. इटालियन असेल तर स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस, घाला. घासून घासून अंगचंच मऊ होतं, मग ठरवा स्प्रिंग बदलायची का.

अजून एक, कानस. या रिव्हॉल्व्हरांना मागची खाच फ्रेममध्येच कोरलेली, पुढे नुसती पात्यासारखी माशी, फिरवायचा स्क्रू नाही. गोळी खाली लागत असेल तर माशी कानसून बुटकी करतात, मग गोळी वर जाते. पण कानसलेलं परत येत नाही. आधी एक काडतूस कायमचं ठरवा, गोळीचं वजन, दारू, सगळं. त्यावर निदान एक हंगाम जाऊ द्या. नंतर एक-एक हात मारून, दर हाताला गोळी झाडून बघत उतरायचं. इथे कुणालाही करायला देऊ नका, मलासुद्धा नाही. ते रेंजवरच करायचं काम आहे.

होल्स्टरचं अथणीवाल्यांनीच सांगितलेलं बरं. माझ्याकडून एवढंच, कंबरेला घातल्यावर होल्स्टर उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कललेलं नियमात बसत नाही. आणि पोटावर आडवं होल्स्टर पहिल्या वर्षी टाळा. त्यातून काढताना अंग वळवलं नाही तर नळी १७० अंशांची, म्हणजे पाट्यांकडच्या सुरक्षित दिशेची, मर्यादा ओलांडून शेजाऱ्यांकडे फिरते, आणि तिथे सरळ बाद. दोन्ही बाजूंना एकेक, सरळ.

अथणीचा चांभारवाडा

ताई, घरात चार पिढ्या हेच काम. कोल्हापुरी चपलेचं जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन, २०१९ ला मिळालं, त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे. आमचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं, क्रोमच्या रसायनात नाही. हत्याराला क्रोमचं कातडं लावू नये असं आमच्याकडे पूर्वी कट्यारीच्या म्यानासाठीही म्हणायचे, आतल्या क्षारांनी लोखंडाला गंज धरतो. आमच्या कातड्यातही रिव्हॉल्व्हर घालून कपाटात ठेवू नका, घातल्यापुरतं घाला.

होल्स्टर मात्र आत्ता पूर्ण करता येणार नाही, खोटं कशाला बोलू. जाड कातडं भिजवून खऱ्या आकारावर बसवावं लागतं, तेव्हाच ते घट्ट धरतं. वस्तू इथे येणार नाही आणि अंदाजाने केलं तर काढताना अडकेल. तुम्हाला कापून, कडा घासून, टोचे पाडून तुकडे देतो. तिकडे तुमच्या क्लबात कातडं शिवणारं कुणी ना कुणी असेलच, तो भिजवून शेवटची शिलाई घालेल. नळी ४⅝ की ५½ तेवढं ठरवून या.

पट्टा इथेच पूर्ण होईल. म्हशीच्या कातड्याचा दुहेरी, दोन बाजूंना सव्वा-सव्वा किलोचं वजन दिवसभर पेलायचंय तर एकेरी वळून जातो. माप कंबरेचं नको, जिथे बसणार तिथलं, हाडावरचं, घागरा घालून घेतलेलं. काडतुसांचे फासे हवे असतील तर .३८ की .४५ ते पक्कं सांगा. .३८ च्या टरफलाचा व्यास ९.६ मिलिमीटर, .४५ चा १२.२. एकाच्या फाशात दुसरं बसत नाही. नमुन्याला काडतूस आणू नका, टूलरूमवाल्यांकडून ९.६ ची ॲल्युमिनियमची एक कांडी उतरवून आणा, त्यावरच फासे ओढतो.  शुक्रवारी सकाळी या.